फोंड्याहून फोंड्याला

सह्याद्रीच्या ज्या पायथ्याशी वर चढू पाहणारे प्रत्येक वाहन क्षणभर थांबून इंजिनात पाणी घालून घेते, चालक तंबाखूची चिमूट मळता मळता एकवार डोंगराकडे पाहतो आणि उतारू आपापल्या कुलदैवताचे नाव घेत खिडकीचे गज घट्ट धरतात, त्या पायथ्याशी आमचे फोंडाघाट हे गाव वसलेले आहे. आणि थांबलेल्याला सल्ला देणे हा ज्या गावाचा पिढीजात व्यवसाय, त्या गावात एकोणीस वर्षांच्या एका मुलाने रात्री पानावर बसल्या बसल्या ‘मला विद्यापीठ बदलायचे आहे, आणि विषयही’ असे जाहीर करावे, यासारखी दुसरी लोकोपयोगी घटना संभवत नाही. हा मुलगा माझा नातू. जिल्ह्यातीलच एका महाविद्यालयात त्याने विज्ञानशाखेचे पहिले वर्ष पुरे केले होते, रसायनशास्त्राशी आपले गोत्र जुळत नाही असा निष्कर्ष काढला होता, आणि आजी त्याच्यापुढे सोलकढीची वाटी ठेवीत असतानाच तो निष्कर्ष त्याने उच्चारला होता.

“सोलकढी पी आधी,” आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या आत ही वार्ता बाजारपेठेत पोहोचली. ती कोणी नेली याचा तपास मी केला नाही, कारण घरात आम्ही चौघेच होतो आणि त्यांपैकी तिघांवर माझा संशय होता. करूळचा घाट दरडीमुळे वा दुरुस्तीसाठी बंद पडला म्हणजे त्या बाजूची सारी वाहतूक आमच्याकडे लोटते, आणि ‘वरचा रस्ता सुरू आहे का?’ या एका प्रश्नाला आमच्या बाजारपेठेत किमान पाच परस्परविरोधी उत्तरे मिळतात. पाचही अधिकारवाणीने दिलेली असतात, आणि ती देणाऱ्यांपैकी चौघे गेल्या महिन्याभरात घाटाकडे फिरकलेलेही नसतात. अशा तयारीच्या लोकांपुढे विद्यापीठाचा प्रश्न तो केवढा!

वास्तविक विद्यापीठ बदलणे ही आमच्या घराण्याला नवी गोष्ट नव्हे. नवे एवढेच, की यंदा ते बदलण्यासाठी घरातल्या माणसाला प्रथमच जागचे हलावे लागणार होते. माझे तीर्थरूप मॅट्रिक झाले तेव्हा ती परीक्षा खुद्द मुंबई विद्यापीठच घेत असे. मी पदवीधर झालो तेव्हा आमचा अवघा रत्नागिरी जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या अमलाखाली होता. पुढे १ मे १९८१ रोजी आमच्या पायांखालचा जिल्हाच बदलून त्याचा सिंधुदुर्ग झाला, आणि चिरंजीव पदवीच्या वयाला आले तोवर आम्ही पुनश्च मुंबई विद्यापीठाच्या स्वाधीन झालो होतो. एकाच ओटीवर, एकाच झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर ऐकत तीन पिढ्यांनी अध्ययन केले. पण पहिलीच्या दाखल्यावर मुंबईची मोहोर, दुसरीच्या सनदेवर कोल्हापूरची आणि तिसरीच्या सनदेवर फिरून मुंबईची. पूर्वी राज्ये जात, मुलूख एका सुभ्यातून काढून दुसऱ्या सुभ्याला जोडला जाई आणि रयत आपली निमूटपणे भात लावीत राही, त्यातलाच हा प्रकार. आता स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी होत असते, ती मान्य झाली तर चौथी पिढीही घरबसल्या निकालात निघेल; परंतु नातवाला तेवढा धीर नव्हता.

‘बदली’ हा शब्द आमच्याकडे तलाठी, मास्तर आणि फौजदार यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. विद्यार्थ्याची बदली होते हे कोणी ऐकले नव्हते. माझ्या काळी विद्यार्थ्यांच्या दोनच जाती असत, पास आणि नापास. नापास झालेला मुंबईला गिरणीत जाई आणि पास झालेला मुंबईला कचेरीत जाई, आणि दोघेही गणपतीला एकाच गाडीने परत येत. मध्येच थांबून, ‘हा विषय मला मानवत नाही, दुसरा दाखवा’ असे म्हणण्याची सोय तेव्हा कापडाच्या दुकानात होती, महाविद्यालयात नव्हती.

ती सोय नव्या शैक्षणिक धोरणाने केली, जे २०२० साली दिल्लीहून निघाले आणि यथावकाश घाट उतरून आमच्यापर्यंत आले. नातवाने मला ते समजावून सांगितले, आणि मला ते जेवढे समजले तेवढे असे, की पूर्वीची पदवी ही विनाथांबा गाडी होती. एकदा बसलात की तीन वर्षांनीच उतरायचे, नाहीतर मध्येच उडी टाकून हातपाय मोडून घ्यायचे. आताची पदवी कोकण रेल्वेसारखी आहे. एका वर्षानंतर उतरलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, आणि चौथ्या वर्षापर्यंत जागा धरून बसलात तर सन्मानाची पदवी. दर वर्षी चाळीस ते चव्वेचाळीस ‘क्रेडिट’ कमवायचे आणि ते एका बँकेत साठवायचे. विद्यापीठ बदलले तरी बँकेतली शिल्लक बरोबर येते.

बँक म्हटल्यावर आमच्या पतसंस्थेचे सेवानिवृत्त व्यवस्थापक, जे रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला माझ्या ओटीवर येतात आणि ते वाचून झाल्यावरही जात नाहीत, ते सावरून बसले.

“व्याज किती?”

“व्याज नाही,” नातू म्हणाला.

“मुदत?”

“जास्तीत जास्त सात वर्षे.”

“आणि सात वर्षांनी?”

“तोपर्यंत वापरले नाहीत तर जातात.”

व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “म्हणजे मुदत पुरी झाल्यावर मुद्दलच बुडते,” ते म्हणाले, “अशी पतसंस्था आमच्या तालुक्यातही एक होती. पण तिचे संचालक पुढे सापडले.”

यानंतर ‘मेजर’ आणि ‘मायनर’ ही प्रकरणे निघाली. घाटावर पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येक गृहस्थाला, त्याचा हुद्दा काहीही असो, ‘मेजर’ म्हणण्याचा प्रघात आहे, त्यामुळे विद्यापीठात एक मेजर असतो एवढ्यावर कोणाला आश्चर्य वाटले नाही. गोंधळ झाला तो मायनरपाशी. आमचे एक शेजारी तलाठ्याच्या जागेवरून निवृत्त झाले आहेत. त्यांनी उभी हयात सातबाऱ्याच्या उताऱ्यांत घालविलेली असल्यामुळे जगातील कोणतीही वस्तू त्यांना प्रथम फेरफाराच्या नोंदीच्या स्वरूपातच दिसते. ते म्हणाले, “मायनर म्हणजे अज्ञान. सातबाऱ्यावर अज्ञानाचे नाव लावले की त्याच्या पुढे अ.पा.क. लागतो, अज्ञान पालनकर्ता. तुमच्या या मायनर विषयाचा पालनकर्ता कोण?”

हा प्रश्न तेव्हा आम्ही सर्वांनी हसण्यावारी नेला. परंतु पुढे जे घडले ते पाहता, इतका मूलगामी प्रश्न त्या संपूर्ण प्रकरणात दुसऱ्या कोणी विचारला नाही असे माझे मत झाले आहे.

माझा स्वतःचा कौल कोल्हापूरला होता, आणि तो निःपक्षपाती होता असे मी म्हणणार नाही. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते ज्या विद्यापीठाचे उद्घाटन झाले, त्याच्या अगदी आरंभीच्या पदवीधरांत जरी माझी गणना होत नसली तरी, त्याच्या माळावर झाडे माझ्या डोळ्यांदेखत वाढली आहेत. शिवाय कोल्हापूर हे परगावच्या मुलांना सांभाळण्यात मुरलेले शहर आहे. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून तेथे एकामागून एक निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास उत्तेजन दिले, आणि त्या सवयीने असेल, पण आजही तेथल्या खानावळीतली बाई नव्या मुलाला तो कुठला हे विचारण्याआधी त्याला किती भाकऱ्या लागतात हे विचारते. मी तेथे प्रथम जेवायला बसलो तो प्रसंग मला अजून आठवतो. ताटात दोन वाट्या आल्या, एकीत तांबडे आणि दुसरीत पांढरे. तांबडे काय आहे हे वासावरून कळले. पांढरे मात्र कोकम घालायला विसरलेली सोलकढी असावी अशा समजुतीने मी वाटी उचलून एका दमात तोंडाला लावली. पांढऱ्या रश्श्याशी माझी ओळख ती अशी झाली. त्यानंतर डोळ्यांतून वाहणारे पाणी पाहून शेजारच्या मुलाने ‘घरची आठवण येतीया व्हय?’ असे विचारले, आणि मी मान डोलावली. असत्य भाषणाचा तो माझ्या विद्यार्थिदशेतील पहिला प्रसंग.

मुंबईचा पक्ष आमच्या शालकांनी उचलून धरला. ते नालासोपाऱ्याला राहतात, आणि मुंबईविषयीचा त्यांचा अभिमान मुंबईपासून जितके दूर जावे तितका वाढत जातो, असा माझा अनुभव आहे. त्यांनी दूरध्वनीवर पाऊण तास घालवला. १८५७ सालचे विद्यापीठ! लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले! प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई टॉवर! पाट्रिक गेडिस याने १९१९ साली जेथे समाजशास्त्राचा विभाग सुरू केला ते विद्यापीठ! “सनदेवर मुंबई विद्यापीठ हे नाव असले म्हणजे माणूस कुठेही अडत नाही,” ते शेवटी म्हणाले, “तू आजच्या आज त्या विद्यापीठात ये.”

“मामाआजोबा,” नातू म्हणाला, “मी आताही मुंबई विद्यापीठातच आहे.”

दूरध्वनीवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. ही गोष्ट खरी होती, आणि तिच्यातली गंमत इतकी वर्षे तिच्यात राहूनही आमच्या लक्षात आली नव्हती. आमच्या गावातले कला-वाणिज्य महाविद्यालय मुंबई विद्यापीठाचे. ते विद्यापीठ चारशेहून अधिक किलोमीटरांवर, तेथे जायचे तर कणकवलीला तुतारी किंवा कोकणकन्या गाठून एक रात्र तिच्यात काढावी लागते. उलट, आमच्या परसातून जो डोंगर दिसतो त्याच्या पलीकडची महाविद्यालये परक्या विद्यापीठाची. एखाद्याने फोंड्याहून दादरला जाऊन नाव घातले तर त्याने विद्यापीठ बदलले असे होत नाही. दाजीपूरचे अरण्य ओलांडून, वाटेत रस्त्यावर उभा असलेला गवा बाजूला होण्याची अर्धा तास वाट पाहून, राधानगरीला नाव घातले तर मात्र ते स्थलांतर ठरते. ही सरहद्द गव्यांना ठाऊक नाही, ते दोन्हीकडे चरतात.

तिसरा पक्ष गोव्याचा. आमच्या कन्येला आम्ही गोव्यातील फोंड्याला दिली आहे, आणि ‘फोंड्याची मुलगी फोंड्याला दिली’ हे वाक्य त्या वेळी इतक्या लोकांना मी इतक्या वेळा समजावून सांगितले आहे, की वऱ्हाडातील दोन वृद्ध गृहस्थ ऐन मुहूर्ताच्या दिवशी, गावातल्या गावात वाहन कशाला म्हणून पायी निघाले होते हे नमूद करण्यावाचून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. तर, कन्येचे म्हणणे असे की मुलाने आत्याकडे यावे. गोवा विद्यापीठ १९८५ चे, म्हणजे तसे तरुण. तत्पूर्वी तेथलीही महाविद्यालये मुंबईलाच जोडलेली होती, तेव्हा ती मंडळी आपल्यातलीच. ताळगावच्या पठारावर समुद्राचे वारे खात बसलेल्या त्या विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकवतात. शिवाय तिच्या घरापासून जवळ, फर्मागुडीच्या टेकडीवर, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नातवाला अभियंता व्हायचे नव्हते, ही हरकत तिला गौण वाटली. टेकडी घरातून दिसते, हे तिचे प्रमुख कारण होते. आमच्या घरच्या मंडळींचा ओढाही तिकडेच होता, कारण कवळ्याची शांतादुर्गा त्याच तालुक्यात. नातवाला भेटायला गेले की देवदर्शन आणि देवदर्शनाला गेले की नातवाची भेट, असा दुहेरी हिशेब त्यांनी मनाशी मांडलेला होता. वास्तव्याच्या दाखल्याशिवाय परराज्यातल्या मुलाला तेथे कितपत जागा मिळेल हा प्रश्न मी उपस्थित केला, तेव्हा, जावयांची मामलेदाराशी ओळख आहे, असे मला सांगण्यात आले. मामलेदार हा शब्द गोव्यात अजून जिवंत आहे हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी प्रश्न मागे घेतला.

देवगडकडून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईंनाही विषय कळला होता. त्यांनी पाटी ओट्याच्या कडेला ठेवली, बांगडे मोजता मोजता तिन्ही विद्यापीठांची माहिती ऐकून घेतली आणि नातवाकडे पाहून म्हणाल्या, “कोल्हापुराक जातंस तर जा बाबा, पण हयसरलो बांगडो थंय पोचासर तेचो इतिहास जाता.” चार दिवस चाललेल्या चर्चेत इतिहास या विषयाचा उल्लेख झाला तो हा एवढाच.

आणि हे सहज लिहिले नाही. चार दिवसांत मी ऐकलेल्या मतांची मनोमन एक जंत्री केली, तेव्हा असे दिसले की एस.टी.च्या वेळा, खानावळीचे दर, मावशा व आत्या यांची भौगोलिक वाटणी, पाण्याचा गुण, मासळीचा ताजेपणा आणि भूतपूर्व विद्यार्थ्यांची लग्ने या सहा कलमांवर सर्वांनी सविस्तर विवेचन केले. तेथे शिकायचे काय, या सातव्या कलमाकडे कोणी वळलेच नाही. यात त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. जेवण आणि वाहन यांची परीक्षा माणूस स्वतः करू शकतो. अभ्यासक्रमाची परीक्षा करायची तर आधी तो अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि तोवर बदली करण्याचे वय निघून जाते.

वडीलधाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे मी थोरामोठ्यांचे उदाहरणही देऊन पाहिले. म्हटले, वि. स. खांडेकर पाहा, सांगलीचा मुलगा, पुण्याला फर्गसन महाविद्यालयात दाखल झाला, शिक्षण अर्ध्यावर सोडून सावंतवाडीकडे आला, १९२० पासून अठरा वर्षे आपल्याच शिरोड्याला शाळामास्तर राहिला, मग घाट चढून कोल्हापूरला गेला आणि ‘ययाती’ लिहून ज्ञानपीठ पारितोषिकाचा मानकरी झाला. आज त्याच्या नावाचे स्मृतिसंग्रहालय शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. यावरून मुलाने काय घ्यावे हे माझ्या मनात तितकेसे स्पष्ट नव्हते, पण उदाहरण भारदस्त होते.

नातू म्हणाला, “आजोबा, ते दत्तक गेले आणि त्यांचे गणेश आत्मारामचे विष्णु सखाराम झाले. पहिल्या महाविद्यालयात एक नाव आणि पुढे दुसरे. आज असते तर त्यांना राजपत्रात जाहिरात द्यावी लागली असती, आणि तोपर्यंत प्रवेशाची तारीख गेली असती.”

त्याच दिवशी दुपारी, लोणच्याची एक बरणी सापडत नाही म्हणून आजीने घर डोक्यावर घेतले. बरणी नातवाच्या खोलीत खिडकीच्या चौकटीवर निघाली. तिच्यात लोणचे नव्हते. चिखलाचे पाणी होते, आणि ते निवळून तळाशी तीन थर बसले होते. खाली खडे, त्यावर भुरकट रेती, वर पातळ तांबूस साय. मागल्या पावसाळ्यात घाटात जी दरड कोसळली आणि रस्ता बंद राहिला, तिची माती तो स्वतः जाऊन घेऊन आला होता. काळ्या पाषाणाच्या डोंगरावरची माती पाणी प्यायल्यावर कुठल्या थरापाशी सुटते, दर वर्षी त्याच त्या दोन वळणांवर का सुटते, आणि खालचा जांभा तेवढाच पाऊस खाऊन जागेवर कसा राहतो, हे त्याने मला उन्हाकडे बरणी धरून दाखवले. बोलताना त्याचा आवाज बदलला होता. रसायनशास्त्राच्या पुस्तकापुढे बसलेला हा मुलगा मी वर्षभर पाहिला होता. तेव्हा त्याच्या तोंडून जांभईखेरीज काही ऐकल्याचे मला स्मरत नाही.

“मग भूगोल घे,” मी म्हणालो.

“तेच सांगत होतो, पहिल्या रात्री,” तो म्हणाला. “आजीने सोलकढी पी म्हटले.”

तेव्हा, मुख्य विषय भूगोल आणि विद्यापीठ कोल्हापूरचे, असे ठरले. दरड ज्या रस्त्यावर पडते त्याच रस्त्याने त्याला जा-ये करावी लागणार असल्यामुळे अभ्यास आणि प्रवास यांत वेळ वाया जाणार नव्हता. मायनर विषय कोणता घ्यावा हे मात्र त्याचे त्यालाही ठरविता आले नाही.

निर्णय झाला म्हणजे काम झाले अशी समजूत फक्त निर्णय घेणाऱ्यांची असते. विद्यार्थ्याने विद्यापीठ बदलायचे तर त्याला जुन्या महाविद्यालयाचा दाखला लागतो, ज्याला टी.सी. म्हणतात, जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र लागते, नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते, आणि इकडे शिकलेले तिकडे शिकवल्या जाणाऱ्याच्या तोडीचे आहे अशी समकक्षता ठरावी लागते. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे पाहिला तर त्यात गैर काही नाही. पण नवे महाविद्यालय म्हणते, टी.सी. आणा मग प्रवेश देतो. जुने म्हणते, प्रवेश मिळाल्याचे पत्र आणा मग टी.सी. देतो, एक कचेरी म्हणते, पात्रता ठरल्यावर स्थलांतर, दुसरी म्हणते, स्थलांतर झाल्यावर पात्रता, आणि या वर्तुळाच्या परिघावर बाप आपली रजा खर्ची घालीत फिरत राहतो. व्यवहारात हे कोडे सुटते, नाही असे नाही. कोणीतरी एक कारकून, ज्याचे नाव इतिहासात येत नाही, ‘तात्पुरता’ हा एक शब्द लिहून वर्तुळ एका जागी तोडतो. आमच्या बाबतीतही तसा कारकून भेटला. त्याने सर्व कागद पाहिले, ‘तात्पुरता’ लिहिण्यासाठी लेखणी उचलली, आणि तेवढ्यात त्याची नजर गावाच्या नावावर गेली.

मराठीत आमचे गाव एकाच रीतीने लिहिले जाते. इंग्रजीने त्याची वाटणी करून ठेवली आहे. शाळेच्या दाखल्यावर ते ‘एफ’ने सुरू होते, आधार कार्डावर ‘पी’ आणि ‘एच’ या जोडीने सुरू होते. गोव्यातला फोंडा, वेगळेपणा राखण्यासाठी की काय, नुसत्या ‘पी’ने लिहितात. कारकून सज्जन होता. पण त्याच्यापुढच्या कागदांनुसार हा मुलगा एका गावात जन्मला होता आणि दुसऱ्याच गावात राहत होता, व या दोन गावांतील अंतराविषयी अर्जात काही खुलासा नव्हता. त्याने प्रतिज्ञापत्र मागितले.

त्याप्रमाणे मी तालुक्याच्या ठिकाणी गेलो. कचेरीसमोर झाडाखाली एक टंकलेखक बसतात, पूर्वी यंत्र घेऊन बसत, आता संगणक आणि छत्री घेऊन बसतात. त्यांना मी हकीकत सांगितली, आणि त्यांनी सराईतपणे मजकूर खडखडवून काढला, की मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, ‘एफ’चा फोंडा आणि ‘पी-एच’चा फोंडा ही दोन गावे नसून एकच गाव आहे, मी त्या गावात जन्मापासून राहतो, आणि हे मला व्यक्तिशः ठाऊक आहे. वाचताना मला थोडे भरून आले. सत्तर वर्षे ज्या गावात काढली ते एकच आहे असे लिहून देण्याची वेळ दुसऱ्या कोणावर आली असेल असे वाटत नाही. मी सही केली, दोन साक्षीदारांनी केली, शिक्का बसला. घरी येऊन नातवाने तो कागद उजेडात धरला.

“आजोबा, यात शेवटी तुमचा पत्ता नुसत्या ‘पी’ने लिहिलाय. ‘एच’ नाही.”

म्हणजे, ‘एफ’ आणि ‘पी-एच’ ही एकच असल्याची ग्वाही शपथेवर देणारा इसम स्वतः गोव्यात राहत होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या झाडाखाली हजर झालो. टंकलेखकांनी कागद पाहिला, चूक मान्य केली, पण शिक्का बसलेल्या कागदावर खाडाखोड करता येत नाही हेही निदर्शनास आणले. आता दुसरे प्रतिज्ञापत्र करावे लागेल, ते म्हणाले, की पहिल्या प्रतिज्ञापत्राच्या तळाशी लिहिलेला फोंडा तो हा फोंडा नव्हे.

“मग हा फोंडा कुठला, ते त्यात नीट लिहा,” मी म्हणालो.

“तां तुमी सांगूचा,” संगणकावरून बोटे न उचलता ते म्हणाले. “मी कुडाळचो. माका काय म्हायत?”